व्यायामाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती : इगतपुरीच्या संदर्भात

कसारा घाट चढून रेल्वे जिथे सह्याद्रीच्या माथ्यावर येते तिथे वसलेले इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातील गाव गेल्या अर्धशतकात ध्यानसाधनेचे केंद्र म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले, आणि त्याच काळात शहरांमधून योगवर्ग, व्यायामशाळा व अलीकडे पिलाटेसचे स्टुडिओ यांची संख्याही वाढत गेली. या वाढीबरोबर एक समजही पसरला आहे, तो असा की ध्यान, योगासने, पिलाटेस आणि व्यायाम ही एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे असून त्यांपैकी कोणतेही एक नियमाने केले की शरीराची सगळी गरज भागते. वस्तुतः शरीराच्या गरजा निदान चार प्रकारच्या आहेत : हृदय व फुप्फुसांचा दमसास, स्नायूंचे बळ, सांध्यांची लवचिकता आणि शरीराचा तोल. यांपैकी एक गरज उत्तम भागवणारी पद्धत दुसऱ्या गरजेच्या बाबतीत तोकडी पडू शकते, आणि व्यायामाविषयीचे बहुतेक गैरसमज हा फरक न ओळखल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

ध्यान आणि आसन

इगतपुरीच्या संदर्भात सर्वांत आधी दूर करावा असा समज म्हणजे ‘विपश्यना हा योगासनांचाच एक प्रकार आहे’ हा होय. ब्रह्मदेशातील मंडाले येथे 1924 साली जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकून 1969 साली भारतात तिची शिबिरे घेण्यास सुरुवात केली. 1974 साली इगतपुरीत जागा घेण्यात आली आणि 1976 पासून ‘धम्मगिरी’ येथे शिबिरे नियमितपणे भरू लागली. दहा दिवसांच्या शिबिरात साधक पहाटे चार वाजता उठतो, रात्री नऊपर्यंतच्या दिनक्रमात सुमारे दहा तास बैठकीत घालवतो आणि प्रथम श्वासाचे, नंतर शरीरावर उमटणाऱ्या संवेदनांचे तटस्थपणे निरीक्षण करतो. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शिबिराच्या आचारसंहितेनुसार या दहा दिवसांत योगासने व धावण्यासारखे व्यायाम स्थगित ठेवावे लागतात, आणि विश्रांतीच्या वेळेत ठरवून दिलेल्या जागी चालण्याची तेवढी मुभा असते. आसनांचा विपश्यनेशी विरोध आहे असे याचे कारण नव्हे, कारण आचारसंहितेत ती विपश्यनेशी सुसंगतच मानलेली आहेत. केंद्रावर त्यांसाठी लागणारी स्वतंत्र, एकांत जागा उपलब्ध नसते, एवढेच तिथे सांगितले आहे.

या नियमातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे ध्यान हे चित्ताचे शिक्षण आहे आणि त्याने स्नायूंचे बळ किंवा हृदयाचा दमसास वाढावा अशी अपेक्षा स्वतः साधनामार्गही करीत नाही. दिवसातील दहा तास स्थिर बसणे हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने बैठेपणच असते, त्यामुळे घरी परतल्यावर रोज ध्यान करणाऱ्याने शारीरिक हालचालीसाठी वेगळा वेळ काढलाच पाहिजे. ध्यानासाठी पद्मासनच घालता आले पाहिजे, हाही समज निराधार आहे. वय किंवा दुखणे यांमुळे जमिनीवर बसता न येणाऱ्यांना शिबिरात खुर्चीवर बसता येते. पतंजलीच्या योगसूत्रांतही आसन हे आठ अंगांपैकी तिसरे अंग असून त्याचा प्रत्यक्ष विचार अवघ्या तीन सूत्रांत आटोपला आहे, ही गोष्ट योग म्हणजे केवळ आसने असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

योगासने आणि दमसास

आज शिकवली जाणारी आसनपद्धती हजारो वर्षे जशीच्या तशी चालत आली आहे, हे विधानही तपासून पाहावे लागते. स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त पंधराच आसनांचे वर्णन आहे आणि सूर्यनमस्काराचा त्यांत समावेश नाही, सूर्यनमस्कार हा व्यायाम म्हणून घरोघरी आणि शाळाशाळांत पोचवण्याचे मोठे श्रेय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्याकडे जाते. त्याच काळात जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू करून उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांचा क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने अभ्यास मांडला. योगाचा दावा मोजमापाच्या कसोटीवर घासून पाहण्याची ही परंपरा महाराष्ट्रातच रुजलेली असल्याने आजच्या दाव्यांनाही तीच कसोटी लावणे उचित ठरते.

ही कसोटी लावली असता ‘योगासने केली की हृदयासाठी वेगळा व्यायाम नको’ हे मत टिकत नाही. श्रमाची तीव्रता ‘मेट’ या एककात मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते ती एक मेट, आणि तिच्या तिप्पट ते सहापट ऊर्जा लागणारा श्रम हा मध्यम श्रम होय. संथपणे केल्या जाणाऱ्या आसनांचा एकूण वर्ग बहुधा अडीच मेटच्या आसपास राहतो, म्हणजे तो सौम्य श्रमात मोडतो, तर ताशी पाच-सहा किलोमीटर वेगाने चालताना साडेतीन ते पाच मेटपर्यंत मजल जाते. लयीत व सलग घातलेले सूर्यनमस्कार मात्र मध्यम आणि वेग वाढल्यास तीव्र श्रमातही गणले जातात, त्यामुळे योगाभ्यासाने दमसास वाढतो की नाही हे त्यात काय आणि कोणत्या गतीने केले जाते यावर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे तीव्र श्रम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सुचवला आहे. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी की त्या वेळी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. इगतपुरीच्या चढउताराच्या रस्त्यांवर ही अवस्था सपाटीपेक्षा लवकर येते.

याचा अर्थ आसनांचा लाभ कमी आहे असा नाही. कंबरेच्या जुनाट दुखण्यावर, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेवर, योगाभ्यासाने हालचालीत सुधारणा होते असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे, जरी ती सुधारणा मर्यादित असली तरी. मात्र योग कोणालाही, कसाही केला तरी निर्धोक असतो, हे समीकरण चुकीचे आहे. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो असे मोजमापातून आढळले आहे, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी ते टाळावे, आणि अनियंत्रित रक्तदाब किंवा मानेच्या मणक्यांचे दुखणे असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याखेरीज ते करू नये.

पिलाटेसचे मूळ

पिलाटेस हा स्त्रियांसाठी किंवा चित्रपटातील कलाकारांसाठी तयार झालेला हलकाफुलका व्यायाम आहे, हा समज त्याच्या इतिहासाशीच विसंगत आहे. या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटेस हे 1883 साली, म्हणजे स्वामी कुवलयानंद ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी, जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख येथे जन्मले. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना ब्रिटनमध्ये स्थानबद्ध करण्यात आले होते. तेथील छावणीत त्यांनी आपल्या व्यायामक्रमाला आकार दिला आणि 1926 च्या सुमारास न्यूयॉर्कला जाऊन पत्नी क्लारा यांच्यासह व्यायामगृह चालवले. स्वतः त्यांनी पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणजे नियंत्रणविद्या असे नाव दिले होते. आडनावावरून पडलेले नाव नंतर रूढ झाले.

या पद्धतीचा गाभा धडाच्या मध्यभागातील खोल स्नायूंमध्ये आहे, ज्यांना आता सर्रास ‘कोअर’ म्हटले जाते. पोटाच्या सर्वांत आतल्या थरातील आडवा स्नायू कंबरेभोवती वेढलेला असतो, मणक्यालगतचे लहान स्नायू पाठीमागून आधार देतात, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ असतो. हे सगळे वेळेवर आकुंचन पावले तर हातपाय हलताना कणा स्थिर राहतो. पिलाटेसमध्ये थोड्याच आवृत्त्या, पण श्वासाशी जुळवून आणि संपूर्ण नियंत्रणाने केल्या जातात. स्प्रिंगच्या ताणावर सरकणारे ‘रिफॉर्मर’ हे उपकरण प्रसिद्ध असले तरी मूळ क्रमातील बरेचसे व्यायाम चटईवरच करायचे असल्याने महागड्या स्टुडिओखेरीज पिलाटेस शक्यच नाही, असे मानण्याचे कारण नाही. उलट योगाला साधने लागत नाहीत हेही पूर्ण सत्य नव्हे, पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या आणि दोर यांचा पद्धतशीर वापर करून आजारी व वृद्ध माणसांनाही आसने साध्य करून दिली.

पिलाटेस इतर सर्व व्यायामांहून श्रेष्ठ असल्याचा प्रचारही तितकाच तपासण्याजोगा आहे. वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2015 सालच्या आढाव्यात, कंबरदुखीसाठी पिलाटेस हे काहीच न करण्यापेक्षा हितकारक असले तरी इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्याला जो व्यायाम नेटाने करवतो तो त्याने करावा, असा या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ आहे.

घाम, चरबी आणि प्राणवायू

काही समजांना थोडक्यात उत्तर देता येते. घाम हा शरीर थंड ठेवण्याचा मार्ग असून तो गेल्याने घटणारे वजन पाण्याचे असते, चरबीचे नव्हे. पोटाचे व्यायाम केल्याने केवळ पोटाचीच चरबी उतरत नाही, कारण ऊर्जेसाठी चरबी संपूर्ण शरीरातून वापरली जाते. दीर्घ श्वसनाने रक्तातील प्राणवायू खूप वाढतो, हेही निरोगी माणसाच्या बाबतीत खरे नाही. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेही 95 टक्क्यांहून अधिक भरलेले असते, आणि प्राणायामाने जाणवणारी शांतता ही मंद श्वासाचा मज्जासंस्थेवर आणि हृदयगतीवर होणारा परिणाम आहे. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे नव्हे, कारण ते तासाभरात निघून जाते. ते दुखणे स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे व दुरुस्तीचे असते.

उतारवय आणि गुडघे

‘साठीनंतर जपून राहावे, वजन उचलू नये’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जात असला तरी त्याने हानीच अधिक होते, आणि घरोघरी तो अजूनही दिला जातो ही खेदाची गोष्ट आहे. स्नायूंचे वस्तुमान तिशीनंतर हळूहळू घटू लागते आणि ही घट रोखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वाढत्या भाराचा व्यायाम होय. 1990 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातील सुमारे नव्वद वर्षे वयाच्या मोजक्या व्यक्तींनी आठ आठवडे पायांसाठी वजनांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. गुडघ्याच्या संधिवातातही मांडीच्या पुढील स्नायूंना बळ देणारा व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोलाचा अभ्यास करावा असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. एका हाताने भिंतीचा आधार घेऊन केलेल्या वृक्षासनाने त्याची सुरुवात करता येते.

शेतीचे कष्ट

इगतपुरी तालुका हा भाताचा आणि मुसळधार पावसाचा प्रदेश असल्याने येथे एक समज विशेष खोल रुजलेला आहे, तो म्हणजे शेतात राबणाऱ्याला व्यायामाची गरज नसते. कष्टाने हृदयाचे रक्षण होते याला आधार आहे. लंडनमधील दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा जेरी मॉरिस यांनी केलेला आणि 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवतो की दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी होते. परंतु सगळे कष्ट एका जातीचे नसतात, हे आवणीकडे, म्हणजे भाताच्या रोपांच्या लावणीकडे, बारकाईने पाहिल्यास कळते.

आवणी करणारी स्त्री घोटाभर चिखलात पाय जवळजवळ ताठ ठेवून कमरेतून वाकते, एका हातात रोपांची जुडी धरते, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने व बोटांनी दोन-तीन रोपे चिखलात खोचते आणि एकेक पाऊल मागे सरते. माणूस पूर्ण वाकला की पाठ ताठ ठेवणारे स्नायू जवळजवळ निष्क्रिय होतात आणि धडाचा भार मणक्यांमागील अस्थिबंध व मणक्यांमधील चकत्या यांच्यावर जातो. हीच स्थिती तासन्‌तास टिकली की पाठीचे बळ वाढत नाही, उलट तिला आधार देणाऱ्या ऊती ताणल्या जातात. खांदे व छातीही आकुंचित राहतात. म्हणून अशा कष्टांना पूरक व्यायाम हवा, आणि तो वाकण्याच्या उलट दिशेचा हवा : भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन आणि पिलाटेसमधील पालथे झोपून आळीपाळीने हातपाय उचलण्याचा व्यायाम हे सगळे नेमके निष्क्रिय राहिलेले स्नायू कामाला लावतात.

2022 सालच्या आकडेवारीनुसार भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण 57 टक्के आहे; पण या मोजणीत कामातील श्रमही धरलेले असल्याने आवणी करणारी स्त्री त्यात ‘सक्रिय’ गणली जाते आणि तिची कंबर मात्र कोणत्याच आकड्यात दिसत नाही. तिला योगवर्गाला येण्याचा आग्रह करण्याआधी बांधावरच करता येईल असा उपाय शिकवला पाहिजे. दर अर्ध्या-पाऊण तासाने सरळ उभे राहून, दोन्ही तळहात कमरेवर टेकवून, पाच-सहा वेळा हळूच मागे झुकावे आणि आवणीची दिशा व हात अधूनमधून बदलावेत, एवढे तिला आषाढाच्या आधीच सांगता येण्यासारखे आहे. ग्रामपंचायती, शाळा आणि आशा कार्यकर्त्या यांनी पुढच्या पावसाळ्यापूर्वी हे काम हाती घ्यावे.