शिकविले खरे, पण आचरण बदलले काय?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला व अग्निशमन दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास अनेक रुग्णालयांतून प्रात्यक्षिके होतात. पत्र्याच्या पिंपात जाळ करतात, एखादी परिचारिका अग्निशामक नळकांड्याची खीळ उपसून जाळाच्या मुळाशी फवारा धरते, टाळ्या पडतात. वाचकहो, आपले आजारी माणूस तिच्याच हाती सोपवावयाचे असते. तेव्हा टाळ्यांनंतर काय उरले, हे विचारण्याचा आपणांस खचितच अधिकार आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली अशा शिक्षणाची पारख चार अंगांनी करावयास सांगितले: वर्ग आवडला काय, काही आले काय, कामावरील वागणे बदलले काय, आणि त्यातून संस्थेचे हित साधले काय. पहिल्या दोहोंस कागदावरची प्रश्नावली पुरते. तिसऱ्यासाठी मात्र कामाच्या जागी जाऊन पाहावे लागते, आणि तेवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

आग रोज लागत नाही, हे सुदैवच. परंतु तिच्यासंबंधीचे वागणे रोजचे असते. धूर अडविणारे दार पाचर मारून उघडे ठेवले आहे काय? जिन्यात मोडक्या खाटा रचल्या आहेत काय? प्राणवायूची झडप कोठे, असे रात्रपाळीच्या सेवकास विचारताच तो बोट दाखवितो, की वरिष्ठांना शोधावयास निघतो? पूर्वसूचना न देता सराव घ्यावा, रोग्याच्या जागी एखाद्या सहकाऱ्यास निजवावे आणि घड्याळ लावून पाहावे. अंथरुणास खिळलेल्या रोग्यास प्रथम त्याच मजल्यावर, बंद दारापलीकडच्या सुरक्षित भागात न्यावयाचे असते. प्रत्यक्षात सारे उद्वाहनाकडेच धावतात काय? हीच परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी. छाती दाबून हृदयक्रिया चालू करण्याचे कौशल्यदेखील सरावावाचून काही महिन्यांतच ओसरते.

९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्यातील एका रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. वाहनांसाठी राखलेल्या त्या जागेत जळाऊ सामान साठविलेले होते. नव्वदच्या आसपास माणसे दगावली, आणि तीही बहुतांशी वरच्या मजल्यांवर चढलेल्या धुराने गुदमरून. असे सामान रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर साठत असते.

मात्र दोष दरवेळी शिकणाऱ्याच्या माथी मारू नये. औषधांची गाडी दर दहा मिनिटांनी त्याच दारातून ढकलावी लागत असेल, तर पाचर पुन्हा बसणारच. तेथे आणखी एक वर्ग भरविण्यापेक्षा, धोक्याची घंटा वाजताच दार आपोआप सोडून देणारी चुंबकी कडी बसविणे अधिक उपयोगाचे.