सांगानेरी कागद, ढुंढाडी वह्या

सांगानेर म्हटलं की आपल्याला पांढऱ्या सुती कापडावरची छिप्यांची बारीक फुलं आठवतात. पण जयपूरला खेटून असलेल्या या गावात कागदी मंडळींचीही वस्ती आहे. आमेरच्या मानसिंहानं त्यांच्या पूर्वजांना सियालकोटहून आणवलं, असं सांगतात. चिंध्या कुटून लगदा करायचा, हौदातून गवती चाळणीवर उचलायचा, ताव वाळला की खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटला नाही तर बोरू अडखळतो, शाई फुटते. आपल्याकडे जुन्नरी कागदाचं जे स्थान, तेच जयपूर दरबारात सांगानेरीचं.

या दरबारानं कागद खर्चायला हात आखडला नाही. परगणा म्हणजे आजच्या तालुक्याएवढा मुलूख. त्याच्या जमाखर्चाचे ‘अडसट्टे’ आज बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहेत. तिथंच ‘दस्तूर कौमवार’चे 32 खंड आहेत. त्यांत माणसं जातवार लावलेली: कुणाला लग्नात सिरपाव दिला, कुणाच्या घरी मयत झालं म्हणून पागोटं पाठवलं. अभ्यासकांना हे घबाडच. पण दरबाराशी देणंघेणं नसलेला साधा कुळवाडी त्यात नावानिशी कुठून सापडणार?

त्याची नोंद ढुंढाडातल्या, म्हणजे जयपूरभोवतालच्या मुलखातल्या, जागाकडे, वंशावळ ठेवणाऱ्याकडे. जागा, बडवा, राव, भाट, नावं निरनिराळी, धंदा एकच: यजमानाच्या दारी यायचं, लांबोडकी वही सोडायची, पिढ्या मोठ्यानं वाचायच्या, नवी बाळं चढवायची आणि दक्षिणा घेऊन पुढच्या गावी निघायचं. मूळ गाव, गोत्र, कोण कुठून कुठं गेला, हे सगळं वहीत असतं. दक्षिणेच्या मानानं एखादा पूर्वज शूर होत असेलही. म्हणून पराक्रम सोडून द्यावा आणि स्थलांतरं नीट वाचावीत, असं माझं मत. बायका मात्र बहुतेक वेळा कुणाची तरी बायको म्हणूनच येतात. मारवाडात राण्यांच्या वंशावळी ठेवणारे राणीमंगा भाट वेगळे होते. साध्या घरच्या लेकीबाळींना तो मान कुठला?

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, सांगली-कोल्हापूरकडे वंशावळ सांगत फिरणारे हेळवी आहेत. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या दप्तरांची आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम आठवण झाली. तशी गरज पडेपर्यंत थांबू नका. पुढच्या सुगीला हेळवी दारात आला तर धान्य घालून वाटेला लावू नका. त्याला बसवा, वही वाचून घ्या, आणि उठायच्या आत घरातल्या मुलींची नावंही तिच्यात घालून घ्या.