मेंदूतील विजेची तार : आशा किती, मर्यादा किती?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. ६८ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक पत्नी आणि मुलासह माझ्या दवाखान्यात आले. नऊ वर्षांपासून त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार. मुलाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. यंत्र सुरू करताच एका रुग्णाचा थरथरणारा हात क्षणात स्थिर होत होता. "डॉक्टर, घर गहाण ठेवावे लागले तरी चालेल, पण बाबांचे हे ऑपरेशन करूच," तो म्हणाला. आईंनी मात्र हळूच विचारले, "हे पुन्हा एकटे फिरायला जाऊ शकतील ना?"

वाचकहो, मुलाची घाई आणि आईंचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. म्हणून या उपचाराच्या दोन्ही बाजू आपल्यासमोर मांडतो.

नेमके काय करतात?

या उपचाराला 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' किंवा डीबीएस म्हणतात. कवटीला लहान छिद्र पाडून मेंदूच्या खोल भागातील ठरावीक केंद्रात बारीक तार बसवली जाते. कानामागून, त्वचेखालून ती छातीवरील एका छोट्या यंत्राला जोडतात. हे यंत्र हृदयाच्या पेसमेकरसारखे दिसते आणि सेकंदाला साधारण १३० या वेगाने सौम्य विद्युत्‌-स्पंदने पाठवते. मनोविकारांत दिल्या जाणाऱ्या 'शॉक'शी याचा संबंध नाही.

कंपवातात मेंदूतील डोपामिन हे रसायन घटते आणि हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पेशींची लय बिघडते. विजेची स्पंदने ही बिघडलेली लय मोडतात. १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे शल्यविशारद अलिम-लुई बेनाबिद यांना शस्त्रक्रियेदरम्यान आढळले, की वेगवान स्पंदने देताच रुग्णाचा कंप थांबतो. तोपर्यंत कंप थांबवण्यासाठी मेंदूचा तेवढा भाग कायमचा जाळून निकामी करीत असत. आता तसे न करताही तोच परिणाम साधता येऊ लागला आणि गरजेनुसार प्रवाह कमीजास्त करणे, बंद करणे शक्य झाले.

बाजूने काय म्हणता येईल?

लेव्होडोपाची गोळी काही वर्षे उत्तम काम करते. पुढे तिचा अंमल दोन-तीन तासांतच ओसरू लागतो. गोळी उतरली की शरीर लाकडासारखे ताठ होते; चढली की अंग नको तितके वळवळू लागते. अशा रुग्णांना डीबीएसने खरोखर दिलासा मिळतो. २००९ मध्ये अमेरिकेत २५५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डीबीएस झालेल्यांना सहा महिन्यांनंतर दिवसाकाठी सरासरी ४.६ तास अधिक चांगले मिळाले. केवळ औषधे घेणाऱ्यांच्या वेळेत वाढ झाली नाही. स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावता येणे किंवा रात्री कूस बदलता येणे ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. अनेकांच्या गोळ्याही कमी होतात.

विरोधात काय?

त्याच अभ्यासात डीबीएसच्या गटातील ४० टक्के रुग्णांना गंभीर स्वरूपाचा काही ना काही त्रास झाला. औषधांच्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते. बहुतेक त्रास पुढे निवळले, परंतु मेंदूतील रक्तस्रावाने एक रुग्ण दगावला. जंतुसंसर्ग, बोलण्यातील अस्पष्टता आणि मनःस्थितीतील बदल हे धोकेही आहेतच. साध्या यंत्राची बॅटरी काही वर्षांनी संपते आणि ते यंत्र बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. सुरुवातीचा खर्च काही लाखांत जातो आणि नंतरच्या भेटीही चालूच राहतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डीबीएसने आजार बरा होत नाही आणि त्याची वाटचालही थांबत नाही. स्मरणशक्ती, बोलणे आणि तोल यांवर त्याचा फारसा उपयोग नाही.

याच तंत्राचा प्रयोग तीव्र नैराश्यावरही झाला. आरंभीचे निष्कर्ष आशादायक होते. मात्र खरा प्रवाह आणि नुसते बसवलेले बंद यंत्र यांची तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांत ठळक फरक आढळला नाही. एका आजारात लाभ झाला म्हणून तो सर्वत्र होईल, असे गृहीत धरू नये. डोक्याला लावून घरीच सौम्य वीज देणारी उपकरणे ही तर निराळीच गोष्ट आहे. तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय ती मागवू नयेत.

निवड कोणाची?

एक साधी कसोटी लक्षात ठेवा. गोळीचा अंमल सर्वोत्तम असताना जी लक्षणे सुधारतात, तीच बहुधा डीबीएसने सुधारतात. कंप हा याला अपवाद आहे. गोळीला न जुमानणारा कंपही यंत्राने आटोक्यात येऊ शकतो. म्हणून गोळीपूर्वी आणि गोळीनंतर हालचाल तपासतात, तसेच स्मरणशक्तीची आणि मनःस्थितीची परीक्षा होते. निर्णयापूर्वी तज्ज्ञांना हे विचारा : आमच्या रुग्णाचे नेमके कोणते लक्षण सुधारेल? कोणते सुधारणार नाही? यंत्राची जुळवणी कोण करणार आणि त्यासाठी किती फेऱ्या होतील?

यंत्र आधीच बसवलेले असल्यास शुश्रूषा करणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपीत दिला जाणारा डायथर्मीचा शेक अशा रुग्णाला कदापि देऊ नये, कारण तारेच्या टोकाशी मेंदूला इजा होऊ शकते. एमआरआयपूर्वी यंत्राचे ओळखपत्र दाखवावे.

त्या शिक्षकांची तपासणी झाली. गोळीचा अंमल उत्तम असतानाही त्यांचा तोल जात होता आणि विसरभोळेपणाही वाढला होता. मेंदूविकारतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया करू नये, असे सांगितले. मुलगा निराश झाला. ते स्वाभाविकच होते. मग आम्ही गोळ्यांच्या वेळा नव्याने बांधल्या आणि गोळी जेवणाआधी अर्धा तास देऊ लागलो, कारण डाळ-दुधातील प्रथिने तिचे शोषण रोखतात. तोल सावरण्याचे व्यायाम सुरू केले, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या बसवल्या. आता ते पत्नीचा हात धरून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जातात.

एकटे नाही, हे खरे. पण घर गहाण पडले नाही, आणि आईंच्या प्रश्नाला खरे उत्तर वेळेवर मिळाले. आपल्या घरी हा प्रश्न उभा राहिला, तर चित्रफीत पाहून निर्णय घेऊ नका. आधी रुग्णाची रीतसर तपासणी करून घ्या.