थकलेला माणूस की थकविणारे काम?

जूनमध्ये शाळा उघडताना ज्याच्या चेहऱ्यावर उत्साह मावत नसे, तोच शिक्षक काही वर्षांनी शेवटच्या घंटेकडे कान लावून बसतो. आलेले टपाल त्याच दिवशी निकालात काढणारा कारकून पुढे 'उद्या या' एवढेच बोलू लागतो. आपण त्याला आळशी म्हणतो, उर्मट ठरवितो आणि मोकळे होतो. पण हा माणूस मुळात असा नव्हता. मग तो असा का झाला?

न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करताना मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांना हाच प्रश्न पडला. १९७४ मध्ये त्यांनी या अवस्थेविषयी लिहिले आणि 'बर्नआउट', म्हणजे जळून विझणे, हा शब्द मानसशास्त्रात रूढ झाला. या अवस्थेला प्रथम बळी पडतात ती कामचुकार माणसे नव्हेत, तर जीव ओतून काम करणारी, हे त्यांचे निरीक्षण मननीय आहे. जो पेटलाच नाही, तो विझणार कसा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात तिची तीन लक्षणे नमूद आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही साधत नाही असे वाटणे. साधा थकवा रविवारच्या झोपेने उतरतो. हा उतरत नाही. महत्त्वाचे असे की, संघटनेने याला रोग न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले आहे. म्हणजे उपायही तेथेच शोधावयास हवा.

नेमके हेच आपण टाळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांवर सोपविण्यास मनाई केली. तरीही तक्ते आणि माहितीची मागणी संपत नाही. रात्री भ्रमणध्वनीवर आलेला आदेश सकाळपर्यंत पुरा व्हावा अशी अपेक्षा असते. अशा माणसाला योगासनांचे व्याख्यान ऐकविणे म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला टॉवेल देण्यासारखे आहे.

१८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती उपदेशाने नव्हे, कामाची व्यवस्था बदलून मिळाली. आजही रिक्त जागा वेळेवर भरणे, एकच माहिती चारदा न मागणे, कामाच्या वेळेबाहेर आदेश न धाडणे आणि चांगल्या कामाला दोन शब्दांची दाद देणे, एवढे तरी वरिष्ठांना अशक्य नाही.

आणि ज्याला स्वतःत ही लक्षणे दिसतात, त्याने ती लपवू नयेत. सहकाऱ्याशी बोलावे, हक्काची रजा घ्यावी, गरज भासल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा कसला? विझत चाललेल्या दिव्याला दोष देण्याआधी त्यात तेल कोणी घालायचे होते, हे एकदा विचारले पाहिजे.