आजोबांची मोटार कापावी काय ?

वडिलार्जित जमीन, दागिने व भांडीं यांविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ खल होत आला आहे; परंतु अंगणांत ताडपत्रीखालीं उभ्या असलेल्या आजोबांच्या मोटारीचें काय करावें, हा प्रश्न त्या मानानें नवा आहे. वडील मंडळींस ती आहे तशीच राहावी असें वाटतें, घरांतील स्त्रियांस अंगण मोकळें हवें असतें, आणि विशींतला एखादा नातू म्हणतो, "आजोबा, मागचीं दोन दारें काढूं, छप्पर थोडें खालीं घेऊं आणि गाडीची कूपे करूं!" या तिसऱ्या सूचनेचा विचार येथें करावयाचा आहे. ती हांसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, आणि डोळे मिटून मान्य करण्यासारखीही नाहीं.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. सेडान म्हणजे चार दारांची, मागें-पुढें दोन बैठकी असलेली बंद मोटार. कूपे हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थच मुळीं 'कापलेली' असा आहे. घोडागाड्यांच्या काळीं समोरासमोर बैठकी असलेल्या मोठ्या गाडीची पुढची बैठक छाटून जी आटोपशीर गाडी केली, तिला हें नांव पडलें; पुढें तें दोन दारांच्या मोटारीकडे आलें. जुनी मोटार कापून हलकी करावी व तींत जोरकस इंजिन बसवावें, हा छंद अमेरिकेचा. अशा मोटारीस तिकडे 'हॉट रॉड' म्हणतात. १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील तरुण फोर्डच्या जुन्या गाड्या अशा रीतीनें सजवून कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर पळवीत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांची एक संघटना झाली, आणि १९४८ च्या जानेवारींत याच नांवाचें मासिकही निघालें.

या छंदाच्या मुळाशीं दोन गोष्टी होत्या, त्या आपण विसरतां कामा नये. एक, फोर्डच्या त्या गाड्या मुबलक होत्या. एकट्या 'टी' नमुन्याच्या दीड कोटी गाड्या १९२७ पर्यंत निघाल्या होत्या. त्यांतील एक कापली गेली म्हणून जगाचें कांहीं उणें होत नसे. दुसरी गोष्ट रचनेची. त्या गाड्यांस खालीं लोखंडी तुळयांचा स्वतंत्र सांगाडा असे व पत्र्याचें अंग त्यावर बोल्टांनीं बसविलेलें असे. अंग कापलें तरी भार पेलणारा सांगाडा अखंड राही.

आपल्या घरांतील गाडीची गोष्ट याहून निराळी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट ११०० ही मुंबईच्या मध्यम वर्गाची लाडकी गाडी झाली. तिच्या पहिल्या गोलसर रूपास लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. याच घराण्यांतली पद्मिनी पुढें काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सर्वांच्या परिचयाची झाली; मुंबईंतील पद्मिनी टॅक्सीचा शेवट २०२३ च्या ऑक्टोबरअखेर झाला. या गाड्यांस निराळा सांगाडा नाहीं. तळ, खांब, छप्पर हें सारें एकत्र सांधून एकच पेटी केलेली आहे. खेंकड्याचें कवच हेंच त्याचें हाड, तसेंच हें. त्यांतही डुक्कर फियाटचीं पुढचीं दारें उलट्या बाजूस उघडतात; म्हणजे पुढचें व मागचें अशीं दोन्ही दारें मधल्या एकाच खांबावर टांगलेलीं असतात. कूपे करावयाची तर नेमका हाच खांब उपटून मागें सरकवावा लागतो !

हें काम करणारे हात आपल्याकडे नाहींत, असें मुळींच नाहीं. वसई तालुक्यांतील चिंचोटी घ्या. तुंगारेश्वरच्या रानाशेजारचा धबधबा म्हणून हें नांव अनेकांस ठाऊक आहे. परंतु मुंबई-अहमदाबाद राजमार्गावरून कामणमार्गें भिवंडीकडे जाणारा रस्ताही येथेंच फुटतो. जेथें मालमोटारींची अशी वर्दळ, तेथें पत्रा ठोकणारा मिस्त्री आलाच. अशा मिस्त्रीस नातवानें आपला बेत सांगितला, तर कोणत्या कामांस हात घालावा लागेल ? प्रथम गाडीच्या आंत लोखंडी नळ्यांचे आडवे-तिडवे आधार सांधावे लागतील. नाहींतर खांब निघतांच तळ मधोमध लवेल आणि दारें पुन्हा कधीं नीट बसणार नाहींत. मग दोन दारांच्या पत्र्यांतून एक लांब दार घडवावयाचें. पातळ पत्रा उष्णतेनें लाटांसारखा वांकतो, म्हणून एकेक टांका दूर दूर मारून मध्यें निवूं द्यावा लागतो. छप्पर खालीं घेतलें कीं सर्व कांचा निरुपयोगी होतात. कडक केलेली कांच तर कापूं जातां तिचा चुरा होतो. लांब दाराचें ओझें पेलण्यास बिजागऱ्या भक्कम हव्यात, आणि तळपट्टी आंतून दुणावून घ्यावयास हवी. इतकें करूनही अपघाताच्या धक्क्यास ती पेटी पूर्वीसारखी टिकेल, ही हमी कोणी द्यावी ?

यानंतर कायद्याची बाब येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील मूळ वर्णनाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयांत हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. उलटपक्षीं, २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांकरितां नोंदणीची खास सोय केली. तिची मुदत दहा वर्षांची असून अशी गाडी प्रदर्शनास व जुन्या गाड्यांच्या मेळाव्यास नेतां येते. अट मात्र एकच मोठी : गाडी मूळ स्वरूपांत हवी; तळ, अंग वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे करवतीचा एक फेर फिरला कीं हा मान कायमचा गेला.

तेव्हां आमचें मत स्पष्ट आहे : घरची अखंड फियाट कापूं नये. पण एवढें सांगून वडील मंडळींनीं वर्तमानपत्रांत डोकें घातलें, तर तो नातवावर अन्याय होईल. हाताला काळें लावून घेण्याची इच्छा सुशिक्षित घरांत आधींच दुर्मिळ. ती उपजली असतां विझवूं नये. ताडपत्री काढून गाडी त्याच्या स्वाधीन करावी. वर्षानुवर्षें उभें असलेलें इंजिन एकदम चालूं करूं नये, जुनें पेट्रोल काढून टाकावें, प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडावें व प्रथम हातानें फिरवून पाहावें. ब्रेकच्या रबरी नळ्या सरसकट नव्या घालाव्या. पायपोसाखालचा तळ गंजला आहे काय तें सुरीच्या टोकानें तपासावें. इतकें शिकण्यास एक पावसाळा पुरणार नाहीं. पत्र्याचें काम मिस्त्रीकडे देतांना मुलानें त्याच्या शेजारीं बसावें, त्यास 'काका' म्हणावें आणि विद्या घ्यावी. कापण्याचीच हौस अनावर असेल, तर भंगारांत निघालेला एखादा सडका सांगाडा घेऊन त्यावर हात बसवावा; तो रस्त्यावर मात्र आणूं नये.

अमेरिकेंतील तरुणांनीं गाड्या कापल्या, त्या त्यांस मुबलक व स्वस्त मिळत होत्या म्हणून. त्यांच्यापासून घ्यावयाची गोष्ट करवत नव्हे, तर आपल्या यंत्राचा खिळान् खिळा स्वतः ओळखण्याची जिद्द होय. ती जिद्द आजोबांची गाडी पुन्हा चालती करण्यांत लागली, तर आजोबांना मागच्या बैठकीवर बसवून नेण्याचा मान नातवास मिळेल. कूपे केली असती, तर ती बैठक, निदान तिचें दार तरी, उरलें नसतें !