पारण्याचा एक घास

आषाढी एकादशी सरली, की पंढरीत द्वादशीच्या पंगती बसतात आणि पुरणपोळीचा आग्रह सुरू होतो. चाळीस वर्षे प्रस्तुत लेखकाने कीर्तनात गीतेतील युक्ताहाराचे निरूपण केले आणि पंगतीत तेच विस्मरले. परिणामी देह इतका स्थूल झाला, की दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढावा लागला.

देह हलका झाला. सवयी मात्र सहजी सुटेनात. आता आहार वाटीभर. आधी डाळ, पनीर, मग भात; प्रत्येक घास सावकाश चावायचा; पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. निर्जळ उपवास डॉक्टरांनी वर्ज्य केला. एकादशीलाही घोट घोट पाणी घेतो.

सर्वांत कठीण गेले ते यजमानांना ‘नको’ म्हणणे. गतवर्षी द्वादशीला एका वृद्ध माउलीने वाढलेले पान नाकारले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. मी हात जोडून म्हणालो, “माउली, आपल्या हाताने एकच घास द्या.” तिने दिला. पारणे सुटले, तिचेही समाधान झाले.

वाचकहो, आग्रह अवश्य करावा. पण समोरच्याची भूक ओळखून. प्रसाद कणभर घेतला, तरी तो पूर्णच असतो.