बाई दहशतवादाकडे का वळते? मिया ब्लूम यांचा अभ्यास काय सांगतो

२१ मे १९९१. श्रीपेरुंबुदूरच्या सभेत एक तरुणी राजीव गांधींच्या पाया पडायला वाकली आणि स्फोट झाला. ती लिट्टेची धनू. बाई अशा टोकाला का जाते, हा प्रश्न मिया ब्लूम अनेक वर्षं अभ्यासत आहेत. त्या अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक आहेत. २००५ मध्ये आत्मघाती हल्ल्यांवरचं त्यांचं ‘डाइंग टू किल’ आलं, आणि २०११ मध्ये खास बायकांवरचं ‘बॉम्बशेल’.

‘बॉम्बशेल’मध्ये चेचन्या आणि पॅलेस्टाईनच्या मुस्लिम बायका आहेत, तशाच उत्तर आयर्लंडच्या कॅथलिक आणि श्रीलंकेच्या तमिळ बायकाही आहेत. बुरखा दिसला की ज्यांची नजर बदलते, त्यांनी तर हे पुस्तक जरूर वाचावं!

ब्लूम मुख्य कारणं चार सांगतात: बदला, डाग लागलेली इज्जत धुऊन काढणं, नातं आणि समाजात मान. शिवाय पाचवं, बलात्कार. २००२ मध्ये मॉस्कोच्या थिएटरमध्ये लोकांना ओलीस धरणाऱ्यांत चेचेन बायका होत्या. पेपरवाल्यांनी त्यांना ‘काळ्या विधवा’ म्हटलं, पण सगळ्याच काही विधवा नव्हत्या. कुणाचा भाऊ गेला होता.

संघटनांचा हिशोब मात्र थंड असतो. बाईवर संशय कमी येतो, तिची झडती नीट होत नाही आणि तिने हल्ला केला की बातमी मोठी होते. म्हणजे घरात दुःख तिचं, फायदा त्यांचा. नायजेरियात बोको हरामने तर लहान मुलींच्या अंगाला बॉम्ब बांधून त्यांना बाजारात पाठवलं. त्यांना कुणी मर्जी विचारली?

चारांपैकी आपण पालकांनी थांबून पाहावं असं कारण म्हणजे नातं. ब्लूम यांच्या मते बाई या वाटेला जाईल का, याची सर्वात पक्की खूण तिच्या धार्मिकतेत मिळत नाही. आधीच त्यात असलेल्या माणसाशी तिचं नातं आहे का, हे पाहावं लागतं. नवरा, भाऊ, बाप, किंवा लग्नाचं वचन देणारा कुणी. आपण मुलीची ओढणी आणि वेळ तपासतो, तिच्याशी गोड बोलणारा कोण आहे हे विचारायचं राहून जातं.

१९८६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका गरोदर आयरिश तरुणीच्या बॅगेत बॉम्ब सापडला. तिला त्याचा पत्ताच नव्हता. बॅग दिली होती तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, नेजार हिंदावीने. त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली.